बघायला आलेली माणसं

शनिवार आला की आमच्या रोह्याच्या आसपासच्या शेतांवर दुपार कलतानाच धूर दिसायला लागतो. पौष लागलेला असतो, भात केव्हाच झोडून घरात आलेलं असतं आणि त्या रिकाम्या झालेल्या शेतांत वाल शेंगांनी भरून आलेले असतात. मग मुंबईकडच्या गाड्या येतात. कुणाचा मामा इथला, कुणाची आत्या इथली, आणि कुणाचं इथे काहीसुद्धा नाही, नुसतंच ‘आम्हाला पोपटी खायचीय.’ मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाल्याचं घट्ट बूच. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढ्या-काटक्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र करून जागच्या जागी सुकलं की पोपटी झाली. भांबुर्डीचा तो उग्र हिरवा वास मग गावभर फिरतो.

मला तो वास सोसत नाही. रोह्याची सून असून पोपटी खात नाही म्हणजे काय, असं लोक तोंडावर विचारतात. मी म्हणते, ॲसिडिटी होते. छप्पन्न वर्षांच्या बाईने ॲसिडिटी म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. खरं कारण मी सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी आषाढात अण्णा, म्हणजे माझे सासरे, अंगणात चूळ भरता भरता पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढा मोठा मास्तर माणूस, जन्मभर पुस्तकी बोलला. घरात कुणी ‘हाय-नाय’ केलं तर डोळे वटारायचा. आणि त्याच्या तोंडात शब्द उरला कुठला, तर ‘व्हय.’ तेवढा एकच. पाणी हवं का? व्हय. नको का? व्हय. दुखतंय का? व्हय. बरं वाटतंय का? व्हय. पहिले पंधरा दिवस मी वेड्यासारखी तोच तोच प्रश्न उलटसुलट करून विचारायचे. मग हळूहळू लक्षात आलं की त्यांचा डावा हात बघायचा. चादर मुठीत धरली असेल तर नको. बोटं सैल असतील तर हवं. ही भाषा त्या घरात मला एकटीला येत होती, कारण ती शिकायला तिथे एकटी मीच होते.

सासूबाई आधीच गेलेल्या. आमच्या ह्यांची कंपनीत शिफ्ट. कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. मुलगी शिकायला बाहेर. थोरले दीर, आमचे भाऊजी, डोंबिवलीला. मी पेणच्या शाळेत मराठी शिकवायचे, रोज एसटीने जाऊन येऊन. अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी पडवीत सगळे बसले, चहा झाला, आणि कोणी काही ठरवलं नाही. खरंच सांगते, कोणी एक वाक्यही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले आणि मी घरी राहिले. माझी बिनपगारी रजा अशी सुरू झाली. नंतर कुणीतरी म्हणालं, ‘सुमतीने स्वतःहून घेतलं हो सगळं अंगावर.’ स्वतःहून! ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ज्यांच्यासमोर वीस वर्षं मी खुर्चीवर बसले नव्हते, त्या माणसाला आता मी धूत होते. पहिल्यांदा पुसलं तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले. वाटलं, पाणी गार लागलं असेल. तर नाही. पुढे रोज, त्या कामाला हात लावला की डोळे मिटायचे आणि सगळं आवरून चादर ओढली की उघडायचे. सात महिन्यांत एकदाही चुकलं नाही. मीही बोलायचे नाही. भिंतीकडे बघत काम करायला शिकले. आमच्यातली लाज आम्ही दोघांनी अशी जपली, तिसऱ्या कुणाला पत्ता नव्हता.

हे म्हणायचे, ‘मला नाय गो जमत. बापाला असं बघवत नाय.’ आणि डोळे पुसत बाहेर जायचे. रडत खरोखर होते, खोटं नाही. पण मला बघवत होतं का? माझे डोळे काय लाकडाचे होते? एकदा मी तसं म्हटलं. तर म्हणाले, ‘तुम्हा बायकांना उपजतच असतं.’ उपजत! पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी पासष्ट किलोचा माणूस कुशीवर वळवायचा, हे मी आईच्या पोटातून शिकून आले होते म्हणे. माझी कंबर तेव्हा गेली ती गेली. आजही फळ्याच्या खालच्या भागात मी लिहीत नाही.

सगळ्यात नाजूक काम भरवायचं. अण्णांना गिळताना त्रास होता. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं, की घास श्वासनळीत गेला तर फुप्फुसात पू होईल, आणि या वयात ते निभणार नाही. म्हणून सगळं वाटून, गाळून, पेजेसारखं. पाणीसुद्धा नुसतं नाही, दाट करून. पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा, गळ्याकडे नजर. गळा वर जाऊन खाली आला की पुढचा चमचा. एका वाटीला पाऊण तास. मी म्हणत राहायचे, ‘गिळा अण्णा, गिळा.’ ते माझ्याकडे बघायचे, आणि त्या नजरेत प्रेमबीम काही नसायचं. जेवणावर जीव असलेल्या माणसाला मी दिवसातून चार वेळा बेचव लगदा देत होते. त्यांचं आवडतं सगळं बंद करणारी बाई मीच. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटायला वेळही नसायचा.

आणि या सगळ्यात बघायला येणारी माणसं. देवा रे देवा! आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे जायचंच, नाही गेलं तर नाव ठेवतात. पावसाळ्यात तुरळक यायची. पण वाल भरले आणि पोपट्या सुरू झाल्या तशी रीघ लागली. ‘पोपटीला आलोच होतो, म्हटलं अण्णांना बघून जाऊ.’ दहा दहा, पंधरा पंधरा. बिस्किटांचे पुडे आणि मोसंबी घेऊन, जी अण्णांना चालत नव्हती. खाटेच्या कडेला बसायचे, मोठ्याने ओरडायचे, जणू अण्णा बहिरे झालेत. ‘अण्णा, ओळखलं काय मला?’ ‘व्हय.’ की लगेच, ‘बघ, ओळखलं! चेहरा फुलला बघ!’ एकजण पारव्याचं रक्त चोळायला सांगायचा. एकजण म्हसळ्याकडच्या कुठल्या वैद्याचा लेप. एक बाई मला म्हणाली, ‘पुण्य कमावतेस गो.’ तेव्हा मी आत तिच्यासकट चौदा जणांच्या चहाला आलं कुटत होते. आल्याऐवजी दुसरंच काहीतरी कुटावंसं वाटत होतं.

पौषात शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्या चांगल्या होत्या, त्यांनी जमेल तितकं ताणून धरलं होतं. म्हणाल्या, ‘सुमतीबाई, येत्या सोमवारी हजर व्हा. झाला नाहीत तर संस्था जागा रिकामी धरणार. दुसरा उमेदवार तयारच आहे. माझ्या हातात आता काही नाही.’ मी एकोणपन्नास वर्षांची होते. ती जागा गेली असती तर परत कुठे कुणी उभं केलं नसतं. आणि नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. त्या सात महिन्यांत मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, ‘पाणी आण, कागद शोध, डॉक्टर काय म्हणाले’ एवढंच. वर्गात शिरल्यावर पन्नास पोरं उभी राहायची, ते मला आठवायचं. मला माझी जागा हवी होती. अगदी लहान मूल हट्ट करतं तशी हवी होती.

अण्णांना सांभाळायला बाई मिळाली. शेजारच्या वाडीवरची, हाताने चपळ, तिच्या सासूचं तिने केलेलं. पण ती म्हणाली, मंगळवारपासून येते. सोमवारी वालाच्या शेंगा तोडायच्या, व्यापारी टेम्पो घेऊन येणार. म्हणजे प्रश्न होता एका दिवसाचा. एका सोमवारचा. ह्यांची सकाळची शिफ्ट आणि सुट्टी मिळेना. मी सगळ्यांना फोन केले. सगळे शनिवारी येणार होते आणि सगळे रविवारी जाणार होते. शेवटी थोरले दीर म्हणाले, ‘बरं बाय, मी थांबतो सोमवारी.’ मला फोनवरच रडू आलं. त्या दिवसांत माझ्यासाठी कुणी केलेली ती एकच गोष्ट होती, हे मला आजही मान्य आहे.

शनिवारी भाऊजी त्यांची मित्रमंडळी घेऊन आले. मागच्या शेतात मडकं लावलं. दिवेलागणीला शेंगांचं टोपलं पडवीत आलं, वाफा निघत होत्या. मी सकाळपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, अण्णांच्या तोंडात कुणी काही घालू नका. मग मी चहा करायला आत गेले. दुधाला उकळी येतेय तोवर बाहेर हशा ऐकू आला, आणि मग ठसका. मी भांडं तसंच टाकून धावले. भाऊजी खाटेवर बसलेले, हातात सोललेली शेंग. अण्णांच्या ओठाला मीठ आणि ओव्याचे कण. ‘अगो, मी विचारलं, बाबा, वाल खाणार? व्हय म्हणाले! चार दाणे तर दिले.’ मी अण्णांच्या हाताकडे पाहिलं. बोटं सैल होती. खोटं कसं सांगू, त्यांना हवे होते. आणि ते हसत होते. तोंडाची एकच बाजू वर गेलेली, पण हसू होतं. सात महिन्यांत मला एकदाही न दिलेलं हसू ते भाऊजींना देत होते.

मी पुढे झाले. तोंडात बोट घालून उरलेला दाणा काढला, पाठ थोपटली, ठसका थांबला. भाऊजींचे डोळे भरून आलेले. मला मेलीला त्या क्षणी काय वाटलं असेल तर मत्सर.

रविवारी गाड्या गेल्या. अण्णांच्या छातीत किंचित घरघर होती, पण घरघर पूर्वीही दोनदा झाली होती आणि गेली होती. मी त्याच आशेवर राहिले. सोमवारी सकाळी हे कामावर गेले. मी डबा भरला, भाऊजींच्या हाताशी पेज, औषधं, फडकी, सगळं मांडून ठेवलं. बारीक किनारीची आमसुली साडी नेसले. निघताना अण्णांच्या कपाळावर हात ठेवला.

कढत होतं.

थर्मामीटर कपाटात, चार पावलांवर होता. मी तो काढला नाही. काढला असता तर आकडा दिसला असता, आणि आकडा दिसल्यावर मला जाता आलं नसतं. श्वास नेहमीपेक्षा जलद होता, तेही मला दिसलं. सात महिने त्या अंगाचा कण न् कण मला पाठ होता, मला न कळण्यासारखं काही नव्हतंच. अण्णांनी चादर मुठीत धरली होती. मी म्हटलं, ‘येते हां अण्णा.’ ते म्हणाले, ‘व्हय.’ आणि मी गेले.

नागोठण्यापर्यंत मी खिडकीतून नुसती बघत होते. वडखळला गाड्यांची नेहमीसारखी कोंडी झाली, एसटी वीस-पंचवीस मिनिटं हलली नाही. फोन मांडीवर होता. भाऊजींना एक फोन, डॉक्टरांना एक फोन. करायला दोन मिनिटं पुरे होती. पण भाऊजींनी घाबरून ‘परत ये’ म्हटलं असतं, आणि मग? मी ठरवलं, आधी मस्टरवर सही होऊ दे. मग वाटलं, पहिला तास होऊ दे. मग मुलींनी गुलाबाची फुलं आणलेली, मग बाईंनी पेढे मागवले. मी हसत होते. खरं सांगते, मला आनंद होत होता. छातीत धडधडत होतं आणि आनंदही होत होता, दोन्ही एकाच वेळी. फोन मी केलाच नाही.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर अण्णांचे ओठ निळसर. धावपळ, गाडी, मोठा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, ‘ताप कधीपासून?’ मी म्हटलं, ‘आज संध्याकाळपासून.’ आठव्या दिवशी अण्णा गेले.

शाळेने सुतकाच्या दिवसांची रजा न मागता दिली. मुख्याध्यापिकाबाई स्वतः पेणहून भेटायला आल्या. गेलेल्या माणसासाठी तेरा दिवस सगळे हळहळून देतात. जिवंत होता तेव्हा त्याच्यासाठी एक सोमवार मिळता मिळत नव्हता. सगळे म्हणाले, ‘सुटले बिचारे.’ आणि मला, ‘तू पण सुटलीस.’ भाऊजींनी मात्र एक गोष्ट धरून ठेवली. ‘बाबांना शेवटचा आवडीचा घास मी भरवला.’ दरवर्षी पोपटीच्या जाळाभोवती ते हे सांगतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. चार दाण्यांनी काय केलं हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी कशी सांगणार? सांगायला गेले तर सोमवार पण सांगावा लागेल.

माझी जागा राहिली. दोन वर्षांनी निवृत्त होईन. वर्गात पोरं अजून उभी राहतात, आणि मला ते अजून आवडतं. पण कधी हजेरी घेताना मध्येच हात थांबतो. वाटतं, माझ्या सहीखाली काय दडपलंय ते मला एकटीलाच माहीत.

या वर्षी भाऊजींनी रोह्याच्या घरात खालच्या मजल्यावर एक खोली बांधायला काढली आहे. रुंद दार, कमोड, भिंतीला धरायला दांड्या. भाऊजी आता एकाहत्तर, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. परवाच्या शनिवारी त्यांनी मला ती खोली हौसेने दाखवली. बाहेर शेतात जाळ झालेला, माणसं जमलेली. म्हणाले, ‘आता आम्ही इकडेच येणार. पोरगा कॅनडाला. तू रिटायर झालीस की मोकळीच हायस. बाबांचं केलंस तसं कोण करणार हाय? तू असलीस की मला कशाची भीती नाय.’

मी त्या दांडीला धरून उभी राहिले. भीती कशाची, ते त्यांना सांगायलाच हवं होतं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

‘भाऊजी,’ मी म्हटलं, ‘त्या सोमवारी सकाळी अण्णांना ताप होता. मी हात लावून बघितला होता. मला माहीत होतं आणि तरी मी शाळेत गेले.’

बाहेर कुणीतरी मडक्यावर पाणी मारलं, लोक ओरडले. मला वाटलं, आता भाऊजी मला हाकलतील, नाहीतर रडतील. मी दोन्हीला तयार होते.

भाऊजींनी मान खाली घातली. म्हणाले, ‘मला पण कळलं होतं गो. तू गेल्यावर चादर सारखी करायला गेलो, तर अंग नुसतं भाजत होतं. दिवसभर बाजूला बसून होतो. म्हटलं, संध्याकाळी तू येशीलच.’